पंचवीस-पंधराची कामं

लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दशक्रियेची कार्डं आणि वाढदिवसाचे फ्लेक्स यांवर माझा छापखाना चालतो. मजकूर लोकांचा, ऱ्हस्व-दीर्घ माझे. त्यामुळे आमदारसाहेबांचे पीए दुकानात आले आणि ‘‘साहेबांचा कार्यअहवाल करायचाय, चोवीस पानी, आर्ट पेपरवर, दिवाळीच्या आत,’’ असं म्हणाले, तेव्हा मी फक्त कागदाचा हिशेब मांडला. जाता जाता ते म्हणाले, ‘‘आणि मजकूरही तुम्हीच लिहा. तुमचं मराठी चांगलंय.’’ ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ मी झोपेतही बिनचूक जुळवतो, हे खरं. पण तेवढ्यावर विधिमंडळाचं कामकाज लिहिता येईल असं त्यांना का वाटलं, हे मी विचारलं नाही. अ‍ॅडव्हान्सचं पाकीट तोवर गल्ल्यात गेलं होतं.

मग एक कापडी पिशवी आली. तिच्यात वर्तमानपत्रांची कात्रणं, मंत्र्यांना दिलेल्या पत्रांच्या झेरॉक्स, त्यांवरचे तिरके शेरे, शासन निर्णयांचे गठ्ठे आणि पेनड्राइव्हवर भूमिपूजनांचे फोटो. सगळीकडे माणसं तीच, कुदळ तीच, फक्त मागचं देऊळ वेगळं. नमुन्यासाठी २०२२ चा जुना अहवाल. ‘‘यात बघा आणि वर्ष बदला,’’ एवढीच सूचना. अहवालाची मांडणी लग्नपत्रिकेसारखीच निघाली. आधी कुलदैवत, मग वडीलधारे, मग उत्सवमूर्ती. म्हणजे वर पक्षाचे नेते, खाली जिल्ह्याचे नेते आणि मग हात जोडलेले साहेब. इथवर मला सगळं समजत होतं. त्या आत्मविश्वासावर मी पहिलं शीर्षक जुळवलं : ‘साहेबांनी केलेले कायदे’.

पीएंनी ते बघून हातातला चहा खाली ठेवला. ‘‘अहो, कायदा सरकार आणतं. आपण ‘होय’ म्हणतो.’’ मंत्र्याखेरीज इतर सदस्यही विधेयक मांडू शकतात, त्याला अशासकीय विधेयक म्हणतात, पण ती क्वचितच पार पडतात आणि आपल्या साहेबांनी तसलं काही मांडलेलं नाही. सरकारचं विधेयक विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ जणांपुढून जातं, दोन्हीकडे मंजूर झालं की राज्यपालांच्या अनुमतीला जातं, मग राजपत्रात छापून येतं. बहुतेक वेळा मतदान आवाजीच. म्हणजे साहेबांच्या ‘होय’चा आवाज दोनशे सत्त्याऐंशी आवाजांत मिसळलेला, तो अहवालात वेगळा काढून कसा दाखवायचा? शीर्षक शेवटी ‘विधिमंडळाने केलेले नवे कायदे’ असं झालं आणि साहेबांचा फोटो बराच लहान करावा लागला.

‘विधिमंडळातील कामगिरी’ या भागात प्रश्न होते. प्रश्नोत्तरांच्या यादीची पीडीएफ उघडून मजकूर पानावर आणला, तर अक्षरांचा कचरा झाला, कारण मूळ मजकूर जुन्या फॉन्टमधला. सगळं हाताने टाइप करावं लागलं. त्याचा फायदा असा, की प्रत्येक ओळ वाचावी लागली. तारांकित प्रश्न म्हणजे चांगल्या प्रश्नाला हॉटेलसारखा तारा मिळत असावा, अशी माझी समजूत होती. तसं नाही. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यायचं असतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर नुसतं कागदावर येतं. पण या कागदांची भाषा मला फार आवडली. प्रश्न असा : ‘अमुक रस्त्याची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तर : ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) बाब तपासण्यात येत आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ रस्ता अंशतः खराब म्हणजे नेमका किती, हे त्या रस्त्यावरून रोज मोटारसायकल चालवूनही मला सांगता आलं नसतं.

या प्रश्नाच्या वर साहेबांचं नाव होतं, पण एकट्याचं नव्हे. एकाच विषयावर अनेकांनी प्रश्न दिले की ते एकत्र करतात. त्यामुळे वर नावांची लांबलचक रांग, आणि आमचे साहेब मधल्या ओळीत, एका स्वल्पविरामानंतर. मी लिहिलं : ‘साहेबांनी विचारलेला प्रश्न’. शेजारच्या मतदारसंघाचा अहवाल दुसऱ्या छापखान्यात चालला होता. तिथला कंपोझिटर माझ्या ओळखीचा. त्याच्याही पानावर तोच प्रश्न, तोच क्रमांक, ‘आमच्या साहेबांनी विचारलेला’. दोघांचं म्हणणं खरं होतं. उत्तराच्या भाषेत सांगायचं तर अंशतः.

लक्षवेधीवर मी फार वेळ घालवला नाही. नियम १०५ खाली सूचना द्यायची, मंत्र्याचं लक्ष तातडीच्या गोष्टीकडे वेधायचं आणि निवेदन घ्यायचं, एवढं कळलं. कामकाजात दाखवलेल्या सगळ्याच लक्षवेधींवर चर्चा होते असं नाही, काहींची निवेदनं नुसती पटलावर ठेवली जातात, हेही कळलं. पुरवणी मागण्यांनी मात्र माझा निकाल लावला. पावसाळी अधिवेशनात ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, असं कात्रणात होतं. मागण्या म्हटल्यावर मी ती बातमी सरळ ‘साहेबांच्या मागण्या’ या सदरात, उसाच्या भावाच्या आणि एसटी थांब्याच्या मधोमध लावली. मागणारं सरकार असतं आणि देणारं विधिमंडळ. अंदाजपत्रकात धरलेले पैसे पुरले नाहीत की सरकार सभागृहाकडे आणखी मागतं, हे मला पीएंच्या ड्रायव्हरने सांगितलं.

पण सगळ्यात मोठी शोभा झाली ती गावनिहाय कामांत. पिशवीत एक हाताने लिहिलेला कागद होता. वर शीर्षक ‘२५१५ कामे’ आणि खाली गावांची नावं. मी त्याचं आख्खं मधलं पान केलं. लाल पट्टी, पिवळी अक्षरं, मागे उगवता सूर्य : ‘वर्षभरात २५१५ कामे पूर्ण!’ पीएंनी प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलं, अंगठा दाखवला आणि ते पुढे साहेबांना पाठवलं. साहेबांचा मला थेट फोन आला. आमदाराचा फोन येण्याची माझी ही पहिलीच वेळ. ते शांतपणे म्हणाले, ‘‘अहो, एवढी कामं झाली असती तर मला अहवाल काढायची गरज पडली असती का?’’

२५१५ हे सरकारी हिशेबातलं लेखाशीर्ष आहे. ग्रामविकास खात्याच्या या डोक्याखाली गावातले रस्ते, गटारं, सभामंडप अशा कामांना पैसे येतात. सरपंच, ठेकेदार, शाखा अभियंता, सगळे त्याला ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात आणि तसंच ‘तीस-चोपन्न’, ‘पन्नास-चोपन्न’ हे रस्त्यांचे पैसे. ‘‘पंचवीस-पंधरातून धरलंय, नाहीतर आमदार फंडातून बघू,’’ असं वाक्य मी चहाच्या टपरीवर शंभरदा ऐकलं असेल. मला वाटायचं सातबाऱ्यासारखाच हाही एखादा उतारा असावा. पान मोडलं. सूर्य मात्र मी वाचवून ठेवला आहे, कुणाच्या तरी वाढदिवसाला उगवेल.

यानंतर मी तात्यांना शरण गेलो. तात्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन फुकट पेपर वाचतात आणि बातमीतल्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करतात. त्यांनी आमदार निधीची यादी हातात घेतली आणि म्हणाले, ‘‘आधी हे विसर, की आमदाराच्या खिशात पाच कोटी असतात.’’ स्थानिक विकास कार्यक्रमाची वर्षाची रक्कम २०२२ मध्ये चार कोटींवरून पाच कोटी झाली, पण आमदार फक्त काम सुचवतो. पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. पैसा ज्या यंत्रणेने काम करायचं तिच्याकडे जातो. ‘‘यातल्या कुठल्या पायरीला नारळ फोडायचा?’’ मी विचारलं. तात्या म्हणाले, ‘‘नारळाचा नियम नाही. म्हणून तर तो सगळ्यात आधी फुटतो.’’

त्यांच्या सांगण्यावरून मी यादीत आणखी एक रकाना आखला : सद्यःस्थिती. आणि मग जुना अहवाल नव्या यादीशी ताडून पाहिला. एका वाडीचा सभामंडप २०२२ मध्ये ‘मंजूर’ होता. पेनड्राइव्हवर त्याच्याच भूमिपूजनाचा पुढच्या वर्षीचा फोटो होता. आणि आत्ताच्या यादीत तो ‘प्रगतिपथावर’. मी मोटारसायकल काढून बघून आलो. चार खांब उभे होते, वर गजांच्या वाकड्या टोकांना कुणीतरी कपडे वाळत घातले होते. प्रगती होती, पथही होता. मी रकान्यात ‘खांब पूर्ण’ असं लिहिलं. पीएंनी ते खोडून ‘अंतिम टप्प्यात’ केलं. आम्ही ‘काम सुरू’ यावर तह केला.

गावोगावच्या तक्रारी वाचताना मला एक प्रश्न पडला होता. कायदे करण्यासाठी निवडून दिलेल्या माणसाकडे लोक तुंबलेलं गटार आणि बंद पडलेला दिवा का घेऊन येतात? तात्यांचं उत्तर सरळ होतं. तेव्हा जिल्हा परिषद आणि पंचायत समितीत मार्च २०२२ पासून प्रशासक होते, नगरपालिकेतही प्रशासक. सदस्य नाही, सभापती नाही, नगरसेवक नाही. ज्याचं दार उघडं असेल ते एकच. ‘‘लोक गटार घेऊन विधानसभेच्या माणसाकडे जातात, कारण गटाराचा माणूस निवडूनच आलेला नाही,’’ असं म्हणून त्यांनी पेपरची घडी घातली. अहवालात हे वाक्य घालता आलं नाही, म्हणून इथे घातलं.

कायद्यांची दोन पानं मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. विधेयक पहिल्यांदा उघडलं तर आत असं : ‘मुख्य अधिनियमाच्या कलम अमुकच्या पोट-कलम तमुकमधील या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल.’ मूळ पुस्तक समोर नसताना हे वाचणं म्हणजे चुकांची दुरुस्ती फक्त वाचायची आणि पुस्तक कुठलं ते कळायचं नाही. तात्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि उलटा केला. विधेयक शेवटाकडून वाचायचं असतं. शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. तिथे अडचण काय होती आणि सरकार काय करू पाहतंय हे बऱ्यापैकी माणसांच्या भाषेत लिहिलेलं असतं. मग मागे मागे जायचं.

या युक्तीने एक कायदा तर मला ओळखीचाच निघाला. दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षराहून लहान चालणार नाही, हेही आलं. त्या सुमारास एक मोबाइलवाला माझ्याकडे पाटी घ्यायला आला होता, सोबत शिंप्याची टेप घेऊन. वेलांटी धरून उंची मोजायची की वेलांटी सोडून, यावर आम्ही तासभर वाद घातला होता. सभागृहात कुणी ‘होय’ म्हटल्यामुळे माझ्या दुकानात टेप आली, हे मला आत्ता कळलं.

जुन्या अहवालातला ‘शक्ती कायदा’ मी तसाच उचलून घेणार होतो. तात्यांनी पेन्सिल आपटली. महिलांवरच्या अत्याचारांबाबतचं ते विधेयक दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, बाके वाजली, अहवालांत छापून आलं. पण केंद्राच्या कायद्यांत बदल करणारं असल्यामुळे ते राष्ट्रपतींच्या अनुमतीसाठी गेलं आणि कायदा म्हणून अमलात आलंच नाही. ते वगळल्यावर पानावर मोठी जागा मोकळी झाली. ती भरायला माझ्याकडे बातमी तयार होती, आणि तिच्यात माझाही दीड गुंठ्याचा जीव अडकलेला.

हायवेच्या कडेला मी दीड गुंठा घेतलाय. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. खरेदीखत नोंदलं जात नाही म्हणून स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेली. घरपट्टीची पावती माझ्या नावाची, सातबारा मूळ मालकाच्या नावाचा. बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवाना मिळत नाही. याला कारण १९४७ चा तुकडेबंदी कायदा. वाटण्या होत होत शेत इतकं बारीक होऊ नये की कसणंच परवडणार नाही, म्हणून तो केलेला. आमच्याकडे जिरायत २० गुंठ्यांच्या आणि बागायत १० गुंठ्यांच्या खाली तुकडा पाडता येत नाही. पण गाव शेतात शिरलं, शेताचे प्लॉट झाले, आणि माझ्यासारखे लोक कागदाअभावी लटकले. आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के भरून असे व्यवहार नियमित करता यायचे, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. आणि जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत सांगितलं, की शहरांलगतच्या अशा भागांत हा कायदा शिथिल करणार.

मी ठळक टाइपात लिहिलं : ‘तुकडेबंदी रद्द!’ प्रूफ दुकानाच्या काचेला वाळत घातलं होतं. संध्याकाळपर्यंत तीन माणसं सातबारे घेऊन आली आणि नाव कधी लागणार असं मला विचारू लागली. तात्यांनी ते प्रूफ काढून घेतलं. ‘‘मंत्री बोलले म्हणजे घोषणा झाली. घोषणेवर तलाठी फेरफार घेत नाही.’’ मग मी लिहिलं : ‘तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा’. साहेबांचं मनोगत तीनदा बदललं, एका नेत्याचा फोटो वर की खाली यावर छपाई अडली, आणि तेवढ्यात ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली. ओळ बदलली : ‘मंत्रिमंडळाची मान्यता’. दिवाळी होऊन गेली. अहवाल अखेर छापला, बांधला, गठ्ठे रचले. आणि नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. तुकडेबंदीचा अध्यादेश निघाला, म्हणजे माझी ओळ पुन्हा शिळी झाली. आणि २४६ नगरपरिषदा व ४२ नगरपंचायतींची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. पीएंचा निरोप आला : ‘‘एकही प्रत बाहेर काढू नका.’’

गठ्ठे माझ्याकडेच, बिलाचे उरलेले पैसे त्यांच्याकडेच. मी तात्यांना म्हटलं, आता अध्यादेश आलाय, राजपत्रात छापलाय, आता तरी रद्दच म्हणू. ते म्हणाले, ‘‘अध्यादेश अधिवेशन नसताना काढतात. सभागृह भरलं की सहा आठवड्यांत त्याचं विधेयक करून घ्यावं लागतं, नाहीतर तो मावळतो. नागपूरचं अधिवेशन आठ डिसेंबरला आहे. पुढच्या अहवालासाठी ओळ राखून ठेव.’’

मला पुढच्या अहवालाइतका धीर नव्हता. अध्यादेशाची प्रिंट, नोटरीचा कागद, घरपट्टीची पावती आणि वाचायला म्हणून माझ्याच अहवालाची एक प्रत पिशवीत टाकून मी तलाठी कार्यालयात गेलो. दारावर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ अशी पाटी आहे. पाटी माझ्याच दुकानातली. तलाठीसाहेबांनी अध्यादेश बाजूला ठेवला आणि अहवाल चाळला. तुकडेबंदीचं पान नीट वाचलं. ‘‘कुणी लिहिलंय? आमच्या परिपत्रकांपेक्षा बरं समजतंय.’’ मी लाजून माझं नाव सांगितलं. मग अर्ज पुढे केला.

‘‘अर्ज ठेवा,’’ ते म्हणाले, ‘‘पण कार्यपद्धतीचं परिपत्रक अजून आमच्यापर्यंत आलेलं नाही. आलं की बघू.’’

पोच मागितली. त्यांनी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली आणि अहवालाची प्रत ठेवून घेऊ का, असं विचारलं. आचारसंहिता आहे, असं सांगून मी ती परत पिशवीत टाकली.